मूठभर वाळू

दुपारी गल्ली निजली तशी रत्ना धाकट्या जावेच्या, दिपमालाच्या ओट्यावर चढली. पदराखाली भांडी घासायचा काथ्या होता.

कोपऱ्यात पाणी गाळायचा वाळूचा ड्रम होता. दोघी जावांनी एकाच दिवशी बसवलेला. वाळूवर तांबूस, बुळबुळीत थर धरतो, तो जिवंत असतो, बोअरच्या पाण्यातलं लोखंड तोच अडवतो. त्याला हात लावू नका, असं शिकवायला आलेल्या ताईंनी दहादा बजावलं होतं. दिपमालाने लावला नाही. आळशीच ती! रत्नाला मात्र ती घाण बघवेना. दर सोमवारी तिने वाळू उपसून लख्ख धुतली. स्वच्छतेत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

आता लोखंडाच्या पाण्याने रत्नाचा चहा अजून काळाच व्हायचा, आणि सासू पुष्पाबाई राहायची-जेवायची रत्नाकडे, पाण्याचा तांब्या मात्र धाकटीकडे पाठवायची. वीस वर्षं सासूचं केलं, ते त्या एका तांब्यात बुडालं. रत्नाच्या पोटात दुखायचं ते इथेच.

तिने झाकण काढलं. हात थेट थरात घातला.

"अक्का! इरजन लेवाले उन्यात का?" मागे दिपमाला उभी होती.

रत्नाने काथ्या पदराखाली आणखी आत सारला.

"ताई बी तेच सांगे, दूधले दहीनं इरजन लावतस तशी चालता ड्रममानी मूठभर वाळू टाकी की दुसरा बी सुरू व्हस. माले हाक मारनी व्हती ना!"

दिपमालाने स्वतःच वाटीभर वाळू काढून दिली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं. नको म्हणावं, तर कशाला आलीस ते सांगावं लागलं असतं. रत्ना गुमान वाटी घेऊन घरी आली आणि वाळू आपल्या ड्रममध्ये ओतली.

पुढचे तीन सोमवार तिने हात आवरला. मग एका सकाळी ड्रमच्या नळीतून नितळ पाणी आलं. चहा तांबूस झाला. रत्नाने तांब्या दोनदा घासला, भरला, सासूच्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली.

पुष्पाबाई घटाघटा पाणी प्यायली. चेहरा खुलला.

"वा वं! आते तुना पानीले बी दिपमालाना पानीनी चव उनी."

 रत्ना मोरीत गेली, तिने काथ्या घेतला आणि आपल्या ड्रमचं झाकण काढलं.