कशातले सत्त्याण्णव?

"महिन्यापूर्वी सांगितलं तेच, काका. किडनी संपल्यातच जमा आहे. लेक देतेय ना तिची?"

लेकीकडे मस्कतला असताना काढलेला रक्ताचा रिपोर्ट बिडकरकाकांनी डॉक्टरांच्या फाइलमधून ओढून घेतला आणि भिंग लावलं. वजनमापे खात्यातल्या तीस वर्षांत त्यांनी केसभर सरकलेला तराजूचा काटाही कधी खपवून घेतला नव्हता.

"क्रिएटिनिन सत्त्याण्णव. कशातले सत्त्याण्णव?"

"मिलिग्रॅम. दुसरं काय असणार?"

"इथे मायक्रोमोल छापलंय, तिकडचं माप. तुम्ही त्याचे मिलिग्रॅम केलेच नाहीत?"

डॉक्टरांनी आकडा बदलून पुन्हा गणित मांडलं. सत्त्याण्णवचे जेमतेम एक पूर्णांक एक झाले आणि शून्याला टेकलेलं किडनीचं काम चौसष्ट टक्क्यांवर आलं.

"या वयाला झकास आहे की," ते हसले. "सुटलात तुम्ही."

काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. महिनाभर अळणी आमटी गिळली, त्याचं त्यांना काही नव्हतं.

"मला किडनी द्यायला यायचं म्हणून पोरीने परवा तिकडची नोकरी सोडलीय," म्हणत त्यांनी मस्कतला फोन लावला आणि डॉक्टरांच्या हातात कोंबला.

"आता तिला सांगा, कशातले सत्त्याण्णव ते."