मोकळ्या पिना

इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली प्रगती राहू गावी मामाकडे आली, ती प्रोजेक्टचं सर्किट जोडलेला ब्रेडबोर्ड घेऊनच. पोपटमामा म्हणजे तळहातावर नारळ धरून बोअरची जागा दाखवणारे, पंचक्रोशीत नावाजलेले पाणाडे. त्यांनी कौतुकाने सर्किटजवळ हात नेला आणि त्यावरचा लाल दिवा फडफडायला लागला.

"बघा! आता यंत्राला बी कळाया लागलं, माझ्या हातात काय हाय ते!" मामांनी अख्ख्या ओसरीला ऐकवलं.

"मामा, त्यात तुमचं काही न्हाई," प्रगती म्हणाली. "चिपच्या ज्या पिना मला लागत न्हाईत, त्या मी मोकळ्याच सोडल्यात. मोकळी पिन हवेतलं काय बी पकडती. कुणाचा बी हात चालंल."

मामींनी भाकरीच्या पिठाने भरलेला हात नेला, तरी दिवा फडफडला. मग प्रगतीने त्या पिना वायरीने बॅटरीच्या मायनसला बांधून टाकल्या. मामांनी दोन्ही हात फिरवले, शेवटी आतून नारळ आणून तोही फिरवला. दिवा ढिम्म. मामी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मामा चहा न घेताच उठून गेले.

पुढच्याच आठवड्यात मामांनी दाखवलेल्या जागेवर बोअर घेतलं, तर खालून नुसता धुरळा उडाला. रानाचा मालक जाब विचारायला आला, तेव्हा मामांनी नारळ काखेत मारला आणि शांतपणे सांगितलं,



"जागा बरोबरच हाय. तुझ्या रानाच्या पिना कुणीतरी मायनसला बांधल्यात!"