सोबत नेता येईल तेवढंच

"हे पिल्लू शेजाऱ्यांना परत देऊन ये," सबीना लेकीला म्हणाली. "घर सोडायची वेळ आली तर कुत्र्याला कोण नेणार?"

"वसईत कुठलं सैन्य घुसणार आहे?" रेमंड वैतागला. लग्न झाल्यापासून बायकोचं हेच ऐकत होता तो. घरात साधी कुंडीसुद्धा नव्हती.

कुवेतमध्ये इराकी रणगाडे शिरले, तेव्हा सबीना नऊ वर्षांची होती. निघताना डॅडी म्हणाले, "दोन दिवसांत परत येऊ." तिने पोपटाच्या पिंजऱ्यात वाटीभर दाणे ठेवले. घरचे कुणीच परत गेले नाहीत.

"ते युद्ध तुझं होतं, ममा," जेनिस रडत म्हणाली. "माझं नव्हतं."

पोरीचं खरं होतं. सबीनाला स्वतःचाच राग आला. तरीही तिने पिल्लू उचललं आणि शेजाऱ्यांची बेल वाजवली.