आरशावरची टिकली

खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेल्या भय्यासाहेबांनी रोजच्या बाजारहाटासाठी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. छोटी आहे, पेट्रोल कमी खाईल, हा त्यांचा हिशोब.

"बाबा, एकट्याला दोन सीट काहून?" मुलगी क्षमा हसली.

"एका सीटची बनवतच नाहीत, बेटा."

डावीकडच्या सीटसमोरच्या छोट्या आरशावर मरून रंगाची टिकली होती. गाडी विकणारा मेजर तर बिनलग्नाचा! भय्यासाहेबांनी टिकली काढून फेकली. सकाळी ती पुन्हा तिथेच.

त्यांची बायको विनता तोंड धुताना टिकली आरशाला लावायची आणि बाहेर निघताना तीच कपाळावर. ती वारल्यापासून ते कुठे फिरायला गेले नव्हते.

रविवारी त्यांनी डावीकडचं दार उघडून धरलं. "चल, भेडाघाटला जाऊन येऊ."

मग स्टिअरिंगमागे बसून त्यांनी तिकडे पाहिलं.

आरशावर टिकली नव्हती.