उघडा पंजा

“बायकांनी परांचीवर चढायचं नाही,” नव्या ठेकेदारानं सकाळीच सांगून टाकलं. “पडलात तर माझ्या गळ्याशी येईल. तुम्ही खाली माल कालवा, बाई.”

गवंड्याच्या बायकोला नाही म्हणता येईना. कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण दिलं असतं तर नवऱ्याचं काम तिथल्या तिथे गेलं असतं.

जुन्या भिंतीचा गिलावा कुठे सुटलाय ते हातोडीनं ठोकून, आवाजावरून ओळखायचं. हल्ली ठोकायचा तो आणि ऐकायची ती. भरीव वाजलं की ती पंजा उघडून दाखवायची, पोकळ वाजलं की मूठ. मूठ दिसली की तो तिथे खडूनं गोल काढायचा, तेवढा सुटलेला गिलावा नंतर पाडायला. बाकीच्यांना वाटायचं, काय जोडी आहे, घडीभर करमत नाही एकमेकांवाचून. हाक मारली तरी वळत नाही म्हणून त्याला शिष्टही म्हणायचे. म्हणेनात का, बिंग फुटण्यापेक्षा ते बरं.

आज तो वर एकटा, नेमका इमारतीच्या दाराच्या डोक्यावर. ती खाली कान टवकारून उभी. सुरुवातीला जमलं. मग कोणीतरी मिक्सर चालू केला आणि त्या घरघरीत सगळं बुडालं.

एके जागी त्याची हातोडी थांबली. तिथे बोट ठेवून त्यानं खाली पाहिलं, नेहमीसारख्या भुवया उंचावल्या.

काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. जरा थांबा, असं सांगायला तिनं घाईघाईनं हात वर केला.

पंजा उघडाच होता.

तो हसला, आणि खडूला हात न लावता पुढे सरकला.

“अहो, थांबा!” ती ओरडली. तो भिंतीकडे वळला होता.

ठेकेदारानं मिक्सर बंद केला. “केवढ्यानं ओरडताय, बाई? मिस्त्री काय बहिरे आहेत?”

खाली दारापाशी एक म्हातारी येऊन थांबली, बरोबर त्या जागेखाली, आणि पिशवीत किल्ली शोधू लागली. लवकर सापडेल असं दिसत नव्हतं.

“अहो!”

म्हातारीनं दचकून मागे पाहिलं. चारही मजल्यांच्या खिडक्यांत माणसं आली. परांचीवरचं डोकं तेवढं वळलं नाही.