भाडेवाढीची आठवण

"मालक, आज कळवलंत तरच वाढ नियमात बसेल. नाहीतर वर्ष वाया जाईल," सासरे जिन्यात उभे राहून वरच्या दाराला सांगत होते.

खाली स्वयंपाकघरात सुनेच्या हातातली सुरी थांबली. स्वतःहून भाडं वाढवून मागणारा भाडेकरू तिनं जन्मात पाहिला नव्हता. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"बाबा असं का करतात?" तिनं सासूला विचारलं.

"मालक विसरतात गं," सासू म्हणाली. "तू आधी ते मशीन झाक."

ते तिचं शिलाई मशीन. लग्न होऊन आल्यापासून ती शेजारणींचे कपडे शिवून चार पैसे मिळवत होती. घर भाड्याचं आहे, हे सोयरीक ठरतानाच सासऱ्यांनी सांगितलं होतं. पण करारात धंद्याला मनाई आहे, हे तिला परवाच कळलं होतं. मशीन गेलं तर तिच्या हातात स्वतःचं असं काहीच उरणार नव्हतं. तिनं घाईघाईनं चादर टाकली.

सासरे प्लंबर होते. आठवडाभर लोकांचे नळ आणि सुट्टीच्या दिवशी मालकांचं छप्पर. एकदा तिनं विचारलंही होतं, "हे मालकांचं काम ना? आणि गळतं तेही त्यांच्याच खोलीत."

"वर गळलं की खाली यायला कितीसा वेळ लागतो?" एवढंच ते म्हणाले होते. माणूस सोन्यासारखा, पण व्यवहारात अगदीच कच्चा, असं तिचं मत झालं होतं.

जिन्यात काठी वाजली. मालक उतरले. वय ऐंशीच्या पुढचं, तरी सदऱ्याला कडक इस्त्री आणि कणा ताठ. सासऱ्यांनी खुर्ची पुसून पुढे केली. मालक बसले नाहीत. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, खिडकीची कडी लावून पाहिली. स्वतःच्या घरात माणूस असा चालतो तर! ती बघतच राहिली.

"घर मुलाच्या नावावर करून दिलंय मी," मालक म्हणाले. "तो बसलाय सातासमुद्रापार. पण इथं शब्द माझाच."

"तुमचाच, मालक," सासरे म्हणाले.

काठी चादरीवर टेकली. "हे रोज दुपारी ऐकू येतं मला. करारात काय लिहिलंय? धंदा केला तर भाडं दुप्पट. नाहीतर मशीन घराबाहेर."

सासऱ्यांनी मान खाली घातली. शेवटी तीच कशीबशी बोलली, "तुमची झोपमोड होत असेल तर मी संध्याकाळी शिवत जाईन."

मालकांनी काठी चादरीवरून उचलली.

"दुपारी घर फार गप्प असतं," ते म्हणाले. "दुपारीच शीव. आणि ही माझी कॉलर उसवलीय, तेवढी नीट करून दे. मालकाचं काम केलं की तो धंदा होत नाही."

तिला हसावं की रडावं कळेना.

"आणि यंदा वाढ नको," मालक सासऱ्यांना म्हणाले. "घरात माणूस वाढलंय तुमच्या."

"असं कसं?" सासरे चक्क हात जोडून उभे राहिले. "नियम म्हणजे नियम. तुमची औषधं काय स्वस्त झालीत? वाढ घ्यायलाच हवी."

"बरं, बरं. पण ठरलेल्या टक्क्यांनीच. वर एक पैसा नको. भाडेकरूला लुटणारा मालक नाही मी."

"ते का मला ठाऊक नाही?"

काठी जिना चढत वर गेली. वरचं दार लागेपर्यंत सून तिथंच उभी होती. दुप्पट भाडं घ्यायचा हक्क असताना माणूस उसवलेल्या कॉलरवर समाधान मानतो!

"बाबा, केवढ्या मनाचा माणूस आहे हो," ती म्हणाली. "आपणही कधीतरी स्वतःचं घर घेऊ. आणि घेतलं तर मालक व्हायचं ते असं."

सासरे खुर्ची जागेवर ठेवत होते. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घेऊन बारा वर्षं झाली, पोरी. त्यांच्या मुलानं परस्पर विकायला काढलं, तेव्हा हेच घर मी घेतलं. मालकांना तेवढं सांगायचं राहून गेलंय."