छाट

चांद्याच्या त्या बिडी कारखान्यात वच्छलाच्या हजार बिड्यांतली एकही छाटीत जात नसे. सगळ्या एका मापाच्या, एका दाबाच्या. माझ्या मात्र रोज पन्नासेक बाद व्हायच्या. १९५४ साली मालकाने हुकूम काढला, जिची छाट जास्त तिला बिड्या वळायला तेंदूपान बंद, म्हणजे कामच बंद. तेव्हापासून वच्छलाची नुसती बोटं दिसली तरी माझा जळफळाट व्हायचा.

एका सकाळी आम्ही घरी वळलेल्या बिड्या घेऊन रांगेत बसलो होतो. "गिरजे, माह्यं टोपलं पाह्यजो, पानी पेऊन आलीच," म्हणत वच्छला विहिरीवर गेली. बांधायचा दोरा साऱ्यांना कारखान्याचाच, त्यामुळे बिड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, वरून सारखेच दिसायचे. मी तिचे सगळे कट्टे माझ्या टोपल्यात भरले आणि माझे तिच्या. आज हिचं नाक कापलं जाणार, या विचाराने मला हसू आवरेना.

चेकर केवळरामभाऊंनी वच्छलाचं टोपलं ओढलं आणि एकाही कट्ट्याचा दोरा न सोडता सरळ पास मालाच्या पेटीत रिकामं केलं. "तुयं काय पाह्याचं, बाई!"

मग माझं टोपलं घेतलं. एकेक बिडी बोटांत दाबून, तोंड निरखून फेकत गेले. साठ निघाल्या.

"उद्यापासून तुमाले पान नाई, गिरजाबाई," फेकलेली एक बिडी माझ्या नाकासमोर धरून ते म्हणाले.



"त्या वच्छलाबाईपासून काई शिकल्या असत्या तं ही पाळी आली नसती!"